वाचकांचे प्रश्न : 'सिक्युरिटी रीझन' म्हटलं की पुढे काय विचारायचं?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या बस-ट्रेनच्या सुरक्षेबद्दल थोडंसं लिहिलं होतं, तर या वेळी पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रांत एकच तक्रार, की काहीही विचारायला गेलं की समोरचा माणूस 'सिक्युरिटी रीझन' म्हणतो आणि विषय संपतो. मी एका ट्रान्झिट एजन्सीच्या रेकॉर्ड्स खात्यात बरीच वर्षं काढलीत, म्हणजे लोक जिथे माहिती मागायला यायचे त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसलेय, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. जमतील तेवढे प्रश्न घेतलेत. मी वकील नाही हे लक्षात असू द्या, कोर्टकचेरीचं काही असेल तर वकील गाठायलाच हवा.

प्रश्न : नमस्कार ताई, आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत. बाबांना रेल्वेचं भयंकर वेड. न्यूयॉर्कला सबवेच्या प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या गाडीचा फोटो काढत होते तर एका प्रवाशाने दरडावून सांगितलं की हा फेडरल गुन्हा आहे, ९/११ नंतर बंदी आहे. बाबांनी घाबरून सगळे फोटो डिलीट केले. खरंच असा कायदा आहे का? आणि पोलीस तिथे टेबल लावून बॅगा उघडायला सांगतात, त्याला नाही म्हणता येतं का?
— एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : बाबांना सांगा, पुढच्या वेळी खुशाल फोटो काढा. असा कुठलाही फेडरल कायदा नाही. न्यूयॉर्क सबवेचे स्वतःचे नियम आहेत त्यात फोटो काढायला स्पष्ट परवानगी आहे, फक्त ट्रायपॉड, लाइट, रिफ्लेक्टर असलं सामान लावायचं नाही. २००४ मध्ये बंदी आणायचा प्रस्ताव आला होता खरा, पण लोकांनी बराच विरोध केला आणि २००५ मध्ये तो सोडून दिला, त्यामुळे 'बंदी आहे' ही समजूत बहुतेक तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलीय. प्लॅटफॉर्मवर उभं राहून जे रोज लाखो लोकांना दिसतं ते गुपित कसं असेल. जिथे प्रवाशांना जायलाच मनाई आहे, कंट्रोल रूम, बोगद्यातली वाट, तिथली गोष्ट वेगळी. पोलीस येऊन चौकशी करू शकतात, शांतपणे उत्तर द्या, पण आपणहून फोटो डिलीट करायची काही गरज नव्हती. मला खरंच वाईट वाटलं वाचून.

बॅगेचं असं आहे की लंडनला जुलै २००५ मध्ये स्फोट झाले त्यानंतर लगेच न्यूयॉर्कने ही तपासणी सुरू केली. मॅकवेड विरुद्ध केली अशी केस झाली आणि २००६ मध्ये सेकंड सर्किट या फेडरल अपील कोर्टाने तपासणी घटनेला धरून आहे असं सांगितलं, पण कशामुळे, तर बोर्ड लावलेला असतो, पोलीस ठरलेल्या आकड्याप्रमाणे माणूस थांबवतात म्हणजे दर इतक्यावा, चेहरा बघून नाही, आणि कोणीही नाही म्हणून परत फिरू शकतो. तर हो, नाही म्हणता येतं. त्या बॅगेसकट आत जाता येणार नाही एवढंच, आणि नुसतं नाही म्हटलं म्हणून अटक होत नाही.

प्रश्न : मी आयटी कन्सल्टंट आहे, सध्या एका ट्रान्झिट एजन्सीच्या प्रोजेक्टवर. परवा क्लायंटने एक पीडीएफ पाठवली तिच्या प्रत्येक पानावर वर 'सेन्सिटिव्ह सिक्युरिटी इन्फर्मेशन' आणि खाली लांबलचक वॉर्निंग. मी तर एच-वनबी वर आहे, सिटिझन पण नाही, मला क्लिअरन्स वगैरे काही नाही. मी हे वाचलं तर अडचणीत येईन का? घरून काम करतो, टीममधले काही जण पुण्यात आहेत त्यांना फॉरवर्ड करू का? आणि एवढं मोठं डॉक्युमेंट, एआयला समरी करायला दिलं तर चालेल का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : शेवटच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर आधी देते : नाही आणि नाही. आता थांबा आणि नीट वाचा, कारण ही चूक भले भले लोक करतात.

याला सगळे एसएसआय म्हणतात. हे 'क्लासिफाइड' नाही, सीक्रेट-टॉप सीक्रेटवाली भानगड पूर्ण वेगळी, त्यामुळे क्लिअरन्स नाही म्हणून वाचलं तर गुन्हा असं काही नाही. नियम आहेत ४९ सीएफआर (फेडरल नियमांचं संकलन) भाग १५२०, हे टीएसएचे, म्हणजे वाहतुकीची सुरक्षा बघणाऱ्या फेडरल संस्थेचे, आणि भाग १५, हे वाहतूक खात्याचे, दोन्ही जवळपास सारखेच. सुरुवात विमानांपासून झाली, १९७४ च्या कायद्याने विमान सुरक्षेची काही माहिती लोकांना न देण्याचा अधिकार एफएएला, म्हणजे विमान वाहतूक बघणाऱ्या फेडरल संस्थेला मिळाला, मग २००१ मध्ये टीएसए आली, २००४ मध्ये बंदरं आणि जहाजं त्यात आली आणि नोव्हेंबर २००८ च्या रेल सिक्युरिटी नियमाने रेल्वे आणि ट्रान्झिटसुद्धा नीट आत आले. एकंदर १६ प्रकारची माहिती यात धरलीय : सुरक्षा आराखडे, कुठे काय कमकुवत आहे त्याचे अहवाल, धमक्यांची माहिती, ट्रेनिंगचं मटेरियल, सिस्टिमच्या सुरक्षेचे तपशील वगैरे.

तुम्ही कन्सल्टंट असलात तरी 'कव्हर्ड पर्सन' आहात, कारण नियमात एजन्सीच्या वतीने काम करणारे, कॉन्ट्रॅक्टवरचे सगळे येतात. मग तुमच्यावर काय बंधन येतं? ज्याला त्या कामासाठी ती माहिती लागतेच अशाच माणसाला द्यायची, यालाच नीड टू नो म्हणतात. आपल्याच टीममधला आहे, ओळखीचा आहे, विश्वासू आहे, यातलं काहीही नीड टू नो होत नाही. पुण्यातल्या मंडळींना खरंच लागणार असेल तर आधी क्लायंटच्या सिक्युरिटीवाल्या माणसाला ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत पाठवू नका. एआयचं तर उघड आहे, बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर ते डॉक्युमेंट जाणार, ती कंपनी काही या कामातली नाही, म्हणजे तुम्ही ते बाहेरच्या माणसाला दिल्यासारखंच झालं.

घरी काम करताना उठून गेलात तर कागद कुलुपात. नियमात अक्षरशः असंच लिहिलंय, की तुमच्या हातात नसेल तेव्हा बंद ड्रॉवर, कपाट किंवा कुलूपबंद खोलीत. आमच्या खात्यात एक राखाडी कपाट होतं, किल्ली दोघींकडे, दुपारी जेवायला निघताना टेबलावरचं एकेक पान मोजून आत टाकायचं आणि मगच डबा उघडायचा, पहिले काही महिने मला याचा कंटाळा यायचा, नंतर हातालाच सवय लागली. काम संपलं की नुसतं रिसायकलच्या डब्यात टाकायचं नाही, परत जोडता येणार नाही असं बारीक करून टाकायचं. ईमेल करायचंच असेल तर फाइलला पासवर्ड, आणि तो पासवर्ड त्याच ईमेलमध्ये नको.

अजून एक जे फार कोणाला माहीत नसतं : कधी शिक्का नसलेलं पण आत उघड एसएसआय असलेलं काही हातात आलं तर 'शिक्का नव्हता' ही सबब चालत नाही, तुम्ही स्वतः शिक्का टाकायचा आणि पाठवणाऱ्याला कळवायचं. मीटिंगमध्ये तोंडी सांगितलं तरी हेच. आणि चुकून गेलंच चुकीच्या माणसाला तर लपवू नका, लगेच कळवा, नियम तसंच सांगतो. शिक्षा दिवाणी आहे, म्हणजे दंड आणि बाकी कारवाई, तुरुंग नाही, पण कॉन्ट्रॅक्ट जाऊ शकतं आणि तुमच्यासारख्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो म्हणून एवढं लांब लिहिलं.

प्रश्न : ताई, जानेवारीत स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरून पडले, मनगट मोडलं. पायरीची कड तुटलेली होती, माझ्या मागून येणाऱ्या दोघांनी पाहिलं पण त्यांचे नंबर घ्यायचं सुचलं नाही. वर अगदी समोर कॅमेरा आहे. फुटेज मागितलं तर ऑफिसमधून एका ओळीचं उत्तर, सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही, फेडरल लॉ. मी स्वतःच पडल्याचं मला बघता येऊ नये?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : काकू, आधी तारीख बघा, बाकी सगळं नंतर. न्यू जर्सीत सरकारी संस्थेवर दावा करायचा असेल तर अपघातापासून ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, त्याला टॉर्ट क्लेम नोटीस म्हणतात. न्यूयॉर्कमध्येही ९० दिवसच. फुटेजच्या मागे धावता धावता लोकांची ही मुदत निघून जाते आणि मग पुरावा असूनही हात चोळत बसावं लागतं, मी असं एकापेक्षा जास्त वेळा होताना पाहिलंय आणि अजून त्या लोकांचे चेहरे आठवतात. ९० दिवस उलटले असतील तर आजच वकिलाला फोन करा, उशिरा नोटीस द्यायची परवानगी कोर्ट काही वेळा देतं.

दुसरं, आजच एजन्सीला पत्र टाका की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, या जिन्याचं फुटेज पुसू नका, मी दावा करणार आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी त्याच्यावरच नवीन चढत जातं, कोणी मुद्दाम पुसत नाही तरी ते जातं. पत्र रजिस्टर्ड पाठवा, पावती जपून ठेवा.

आता 'फेडरल लॉ' चं. कॅमेऱ्याने टिपलं म्हणजे एसएसआय असं आपोआप होत नाही. काही फुटेज असू शकतं, कॅमेरे कुठे आहेत आणि कुठे नाहीत हे त्यातून कळत असेल तर. पण एसएसआय आहे की नाही हे खिडकीवरच्या माणसाने एका ओळीत ठरवायचं नसतं. बाहेरच्या माणसाने एसएसआय मागितलं तर ती विनंती टीएसएकडे किंवा त्या त्या फेडरल खात्याकडे पाठवायची असं नियमच सांगतो. म्हणून उलट पत्रात तीन गोष्टी विचारा : कुठल्या कलमाखाली नाकारलं, हे एसएसआय आहे असं तुमचं म्हणणं आहे का, आणि असेल तर टीएसएला विचारलं का. बहुतेक वेळा या पत्राला येणारं उत्तर पहिल्यापेक्षा खूप वेगळं असतं.

खरं सांगायचं तर न्यू जर्सीत तुम्हाला अडवणारा कायदा बहुतेक फेडरल नसून राज्याचाच असेल. तिथला ओपरा कायदा, म्हणजे सरकारी कागदपत्रं मागायचा कायदा, ज्यात ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यात सुरक्षेची माहिती वगळलेली आहे, आणि २०१६ मध्ये गिलेरन विरुद्ध ब्लूमफील्ड या केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सिक्युरिटी कॅमेऱ्याचं फुटेज त्या सवलतीत धरलं. पण त्याच निकालात कोर्टाने दुसरा दरवाजा उघडा ठेवलाय, कॉमन लॉ, म्हणजे कोर्टांच्या निकालांतून बनलेला कायदा, त्याखाली मागता येतं, तिथे तुमची गरज आणि त्यांची अडचण दोन्ही तराजूत टाकून बघतात. ज्या बाईचं मनगट मोडलंय तिची गरज रस्त्यावरच्या कोणाहीपेक्षा जास्त आहे ना. अर्जात दोन्ही लिहा, ओपरा आणि कॉमन लॉ.

आणि दावा दाखल झाला की वकील फुटेज कोर्टातून मागू शकतो. समजा खरंच एसएसआय निघालं तरी तिथे सगळं संपत नाही, २००६ च्या एका फेडरल कायद्यात, होमलँड सिक्युरिटीच्या बजेटचा कायदा, त्याचं कलम ५२५, त्यात फेडरल कोर्टातल्या दिवाणी दाव्यात पक्षकाराला ती माहिती खरोखर लागते आणि दुसरीकडून फारसा त्रास न होता मिळत नाही हे दाखवलं तर, पार्श्वभूमी तपासून, अटी घालून ती बघू देण्याची सोय आहे. तुमचा दावा राज्याच्या कोर्टात असेल तर हे थेट लागू होणार नाही हे लक्षात ठेवा, वकिलाशी बोला.

तुटलेल्या पायरीचा फोटो काढलाय का? नसेल तर मुलाला आजच पाठवा.

प्रश्न : मी एका बस-रेल एजन्सीत मेंटेनन्सला आहे. एका भुयारी स्टेशनचा इमर्जन्सी एक्झिटचा दरवाजा गेले कित्येक महिने आतून उघडत नाही. तीनदा सांगितलं. शेवटी सुपरवायझर म्हणाला, ही सिक्युरिटी व्हल्नरेबिलिटी आहे, एसएसआय आहे, कोणाला बोललास तर नोकरी जाईल. रात्री झोप लागत नाही. मी काय करू? नाव छापू नका.
— एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. सगळ्यात आधी, तुम्ही जे केलंत ते बरोबर केलंत.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. ज्या कलमाने टीएसएला एसएसआयचा अधिकार दिला, ४९ यूएससी (फेडरल कायद्यांचं संकलन) ११४ (आर), त्यातच लिहिलंय की हा अधिकार कशासाठी वापरायचा नाही : कायदा मोडल्याचं, ढिसाळपणाचं किंवा कारभारातल्या चुकीचं झाकण म्हणून नाही, कोणा माणसाची किंवा संस्थेची नाचक्की टाळायला नाही, स्पर्धा अडवायला नाही, आणि जी माहिती सुरक्षेसाठी लपवायची गरजच नाही ती अडकवून ठेवायला नाही. मला हे कलम जवळजवळ तोंडपाठ आहे कारण मी ते कितीतरी वेळा लोकांना दाखवलंय. एकदा माझ्याच टेबलावर एक फाइल आली, तिच्यात कर्मचाऱ्यांच्या पार्किंगच्या जागांची यादी, तिच्याही प्रत्येक पानावर शिक्का, विचारलं तर म्हणे सेफ साइडला मारून टाकला. त्या दिवशी मला कळलं की असा सरसकट शिक्का मारला की खऱ्या गुपिताची किंमत पण जाते, लोक शिक्क्याकडे बघायचंच सोडून देतात.

पण तुमच्या बाबतीत एक बारकावा आहे. नेमक्या कुठल्या स्टेशनचा कुठला दरवाजा बंद आहे हे खरंच एसएसआय असू शकतं, वाईट माणसाला ते उपयोगी पडेल. म्हणून पेपरवाल्याला सांगू नका, व्हॉट्सॲपवर टाकू नका, कागदाचा फोटो घरी नेऊ नका. पण गप्प बसा असा याचा अर्थ मुळीच नाही. २००७ मध्ये ९/११ कमिशनच्या शिफारशींवरचा मोठा कायदा झाला, त्यातल्या नॅशनल ट्रान्झिट सिस्टिम्स सिक्युरिटी ॲक्टमध्ये ट्रान्झिट कर्मचाऱ्यांना संरक्षण आहे, ६ यूएससी ११४२. धोकादायक परिस्थिती, सेफ्टीची असो की सिक्युरिटीची, सद्भावनेने कळवली म्हणून कामावरून काढणं, खालच्या जागी टाकणं, त्रास देणं बेकायदेशीर आहे, आणि हे कॉन्ट्रॅक्टर, सबकॉन्ट्रॅक्टरलाही लागू आहे. तुमचे वरिष्ठ, फेडरल, राज्य किंवा स्थानिक तपास यंत्रणा, काँग्रेसचे म्हणजे अमेरिकन संसदेचे सदस्य, यांच्याकडे गेलात तर तुम्ही या छत्राखाली आहात, तुमच्या राज्याची रेल सेफ्टी बघणारी संस्थासुद्धा त्यात येते, दरवाजाचं प्रकरण खरं म्हणजे त्यांच्याच पठडीतलं आहे.

तर आता लेखी द्या. तारीख, जागा, आधी तीनदा कधी कोणाला सांगितलं, एवढंच, राग नको, विशेषणं नकोत. सुपरवायझरच्या वरच्या माणसाला आणि सेफ्टी ऑफिसला. त्याची प्रत नियमात राहून कशी ठेवायची ते युनियनला विचारा. आणि काही कारवाई झालीच तर लक्षात ठेवा, ओशाकडे, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या फेडरल संस्थेकडे, तक्रार करायला १८० दिवस आहेत. २१० दिवसांत अंतिम निर्णय आला नाही तर फेडरल कोर्टात जाता येतं. नोकरी परत, बुडलेला पगार व्याजासकट, आणि दंडात्मक भरपाई २,५०,००० डॉलरपर्यंत मिळू शकते.

एक गोष्ट सांगते. रॉबर्ट मॅक्लीन नावाचे फेडरल एअर मार्शल होते. २००३ मध्ये विमान अपहरणाचा इशारा आलेला असताना त्यांना मेसेज आला की लांबच्या, रात्री मुक्काम लागणाऱ्या ड्यूट्या रद्द, खर्च वाचवायला. ते वरिष्ठांकडे गेले, इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसकडे गेले, काही झालं नाही, मग पत्रकाराला सांगितलं. काँग्रेसमधून ओरड झाली आणि ड्यूट्या परत सुरू झाल्या. पण २००६ मध्ये त्यांना एसएसआय फोडलं म्हणून काढून टाकलं. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि जानेवारी २०१५ मध्ये ७ विरुद्ध २ ने निकाल त्यांच्या बाजूने लागला, की एसएसआयचे नियम हे टीएसएने केलेले नियम आहेत, व्हिसलब्लोअर कायद्यात, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात, ज्याला 'कायद्याने मनाई' म्हटलंय त्यात ते बसत नाहीत. मात्र तो फेडरल कर्मचाऱ्यांचा कायदा, तुम्हाला तो नाही, तुम्हाला ११४२, आणि त्यात पत्रकाराचं नाव नाही. म्हणून मी तुम्हाला मॅक्लीन यांच्या वाटेने पाठवत नाही. त्यांना न्याय मिळायला कामावरून काढल्यापासून जवळपास नऊ वर्षं लागली.

मला कळवा काय होतं ते. नाव छापणार नाही.

प्रश्न : बसमध्ये सीटखाली बेवारस बॅग दिसली म्हणून मी ड्रायव्हरला सांगितलं. बस थांबली, सगळे उतरले, पोलीस आले, आत निघाले जिमचे कपडे. लोक माझ्याकडे असे बघत होते की बस. ज्याची बॅग होती तो नंतर येऊन ओरडला, म्हणाला केस करीन. तो करू शकतो का?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : केस कोणीही करू शकतो, टिकणार नाही. २००७ च्याच कायद्यात कलम १२०६ आहे, प्रवासी वाहतुकीला धोका वाटेल असं काही सद्भावनेने आणि वाजवी संशयावरून अधिकाऱ्याला, म्हणजे ड्रायव्हर किंवा पोलिसाला, सांगितलं तर तुमच्यावर दिवाणी जबाबदारी येत नाही, आणि तरी कोणी केस केली आणि तुम्ही या संरक्षणात बसलात तर वकिलाचा वाजवी खर्चसुद्धा वसूल करता येतो. माहीत असून खोटं सांगितलं तर मात्र संरक्षण नाही.

तुम्ही वस्तूबद्दल सांगितलंत, चेहऱ्याबद्दल नाही, हे मला आवडलं. कळवताना काय दिसलं ते सांगायचं, कुठे, किती वेळ, कोणी काय केलं. कोणाचा रंग, दाढी, पगडी, भाषा हा संशय होत नाही, आणि आपल्या लोकांनाच याचा त्रास झालेला आहे म्हणून हे आपण तरी विसरायला नको.

प्रश्न : एअरपोर्टला २०२५ पर्यंत बूट काढायला लावायचे आणि ट्रेनमध्ये कोणी काही तपासत नाही. सरकारला बस-ट्रेनच्या प्रवाशांची काळजी नाही का? हे बघतं कोण, टीएसए की एफटीए?
— एक वाचक, बे एरिया

उत्तर : दोघंही, आणि त्याहून जास्त तुमची स्थानिक एजन्सी आणि पोलीस. सिक्युरिटी टीएसएकडे, जी २००३ पासून होमलँड सिक्युरिटी खात्यात आहे, सेफ्टी आणि पैसा एफटीएकडे, म्हणजे वाहतूक खात्यातल्या ट्रान्झिट बघणाऱ्या संस्थेकडे. सबवेला विमानतळासारखी लाइन लावली तर ती गाडीच चालणार नाही, शेकडो दारं, दर दोन-चार मिनिटाला गाडी, आणि लाइनमध्ये अडकलेली गर्दी हाच नवा धोका.

म्हणून इथे वेगळं काम चालतं, ते दिसत नाही. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, त्यानंतर मे महिन्यात टीएसएने रेल्वेसाठी पहिले आदेश काढले. काही स्टेशनांवर जाड कचरापेट्यांऐवजी आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवी लटकलेली असते ना, ती बघाल तेव्हा हे आठवा. २००७ च्या कायद्याने मोठ्या एजन्सींसाठी सुरक्षा आराखडे, धोक्याची तपासणी, अनुदान, सगळं आलं. कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगचा नियम मात्र यायला मार्च २०२० उजाडलं, तेरा वर्षं जवळजवळ, हे मला अजूनही पटत नाही, कारण काहीतरी चुकतंय हे सगळ्यात आधी ड्रायव्हर आणि स्टेशनवरच्या माणसालाच दिसतं. आता ठरावीक मोठ्या एजन्सींना सुरक्षेशी संबंधित कर्मचाऱ्यांना दर ३ वर्षांनी ट्रेनिंग द्यावंच लागतं आणि गंभीर सुरक्षेची बाब २४ तासांत टीएसएला कळवावी लागते. शिवाय एफटीएच्या शहरी अनुदानातला किमान १ टक्का सुरक्षेवर खर्च करायचा, किंवा गरज का नाही ते सांगायचं. तुमच्या एजन्सीने तो १ टक्का कशावर घातला हे बोर्ड मीटिंगमध्ये उठून विचारा, ढोबळ आकडा हा काही एसएसआय नाही.

प्रश्न : मी पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करतेय. ट्रान्झिट इन्स्पेक्शनबद्दल टीएसएला फोइया (फेडरल माहिती अधिकार कायदा) अर्ज केला. आठ महिन्यांनी ४० पानं आली, त्यातली ३१ काळी. आता काय?
— एक विद्यार्थिनी, बोस्टन

उत्तर : हिंमत सोडू नकोस. फोइयात २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, प्रत्यक्षात काय होतं ते तू बघितलंसच. एसएसआयच्या जागा ते 'एक्झेम्प्शन ३' खाली झाकतात, म्हणजे दुसऱ्या कायद्याने गुप्त ठेवायला सांगितलंय म्हणून. पण एका पानात थोडं एसएसआय असेल तर तेवढंच झाकून बाकी देता येतं, सगळं पान काळं करायची गरज नसते. प्रत्येक काळ्या चौकोनाशेजारी कोड असतो, म्हणजे एक्झेम्प्शनचा नंबर, तो बघ, कुठे ३ आहे, कुठे ५, कुठे ७. काही ठिकाणी कारण वेगळंच निघेल.

अपील ९० दिवसांत कर, ते फुकट असतं. अपिलात, वर न्यू जर्सीच्या काकूंना सांगितलेल्या कलम ५२५ चा तीन वर्षांचा मुद्दा घाल : ३ वर्षांहून जुनी माहिती, जी सध्याच्या कुठल्या आराखड्यात किंवा आदेशात नाही, किंवा जिच्यात इन्स्पेक्शन, धोका वगैरे ठरावीक प्रकारांतलं आजचं काही नाही, ती मागितली तर द्यायला हवी, नाहीतर का देत नाही ते लेखी ठरवायला हवं. तुझी पानं कुठल्या वर्षातली आहेत ते पत्रात लिहिलेलं नाही, ते आधी बघ. त्यांच्याशी नुसतं बोलून सुटेल असं वाटलं तर ओजिस नावाचं ऑफिस मध्यस्थी करतं. आणि टीएसएने 'हे एसएसआयच आहे' असा अंतिम आदेश काढला तर त्याच्याविरुद्ध थेट अपील कोर्टात जायला फक्त ६० दिवस असतात.

एक टीप, पुढच्या अर्जासाठी. डिसेंबर २०२१ मध्ये टीएसएने रेल्वे आणि ट्रान्झिटसाठी सायबर सुरक्षेचे आदेश काढले, सायबर घटना घडली की २४ तासांत सिसाला (सायबर सुरक्षा बघणारी फेडरल संस्था) कळवा, सायबर कोऑर्डिनेटर नेमा वगैरे, आणि ते आदेश त्यांनी स्वतःच उघड ठेवले. म्हणजे काय मागायचं त्याचा ढाचा तुला तिथेच मिळतो : नियम काय आहे ते उघड आहे, तर तो किती जणांनी पाळला याचे एकत्रित आकडे माग, कुठल्या एजन्सीत काय कमी आहे ते मागू नकोस. पहिलं मिळायची शक्यता बरीच आहे, दुसरं काळं होऊनच येईल, आणि ते काळं होणं योग्यही आहे.

तुझ्या त्या नऊ पानांत जे दिसतंय ते आधी नीट वाच. अर्ज करणारे पुष्कळ लोक काळी पानं बघून मिळालेली बाजूला टाकतात.